मोडीत घालण्यापूर्वी : चांदीच्या जुन्या नाण्यांची पारख

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एखादी जुनी पेटी असते. त्या पेटीच्या तळाशी, फडक्यात बांधलेले, दादी-नानीच्या वेळचे चांदीचे रुपये असतात. कोणी ते मेहरमध्ये आलेले सांगतो, कोणी जहाजावरच्या नोकरीतून बुजुर्गांनी साठवलेले सांगतो. वर्षानुवर्षे त्यांना कोणी हात लावत नाही. मग एखादे लग्न येते, आजारपण येते किंवा दुकानात माल भरायचा असतो, आणि ते फडके सराफाच्या काट्यावर सुटते.

आमच्या ओळखीच्या एका जरीकाम करणाऱ्या कारागिराच्या घरी असेच झाले. मुलीच्या लग्नासाठी आईच्या पेटीतले ३६ रुपये त्यांनी बाहेर काढले. काळे पडलेले रुपये नेणे बरे दिसणार नाही म्हणून आदल्या रात्री चिंच आणि राख लावून घासून लख्ख केले. सराफाने ते एकत्र तोलले, "जुनी चांदी, ८० टंच धरतो" असे सांगितले आणि त्याप्रमाणे पैसे मोजून दिले. व्यवहार झाला, लग्नही पार पडले. पुढे त्यांच्या शाळकरी मुलाने एक वही आणून दाखवली. नाणी जाण्यापूर्वी त्याने सहज गंमत म्हणून प्रत्येक रुपयाचे सन लिहून ठेवले होते. बहुतेक सन नेहमीचे होते. पण यादीत १९११ एकदा आणि १९२२ एकदा आले होते. ही दोन्ही नाणी संग्राहक मागून घेतात. ती इतरांबरोबर मुशीत गेली.

या एका व्यवहारात तीन चुका झाल्या : टंच ठाऊक नव्हता, सन पाहिले नाहीत आणि नाणी घासली. या तीनही गोष्टी शिकायला फारसा खर्च येत नाही. एक बारीक काटा, एक भिंग आणि थोडी चिकाटी पुरते. म्हणून आजचा हा धडा.

पहिली गोष्ट : वजन आणि टंच

"रुपया" हे नाव शेरशाह सूरीच्या चांदीच्या नाण्यापासून रूढ झाले. त्याचे वजन सुमारे १७८ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम होते. मोगल बादशहांनी तेच माप पुढे चालवले. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या सर्व मुलुखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग हिणकस, म्हणजे ९१.६६ टंच. जुने लोक याला बंदा रुपया किंवा कलदार म्हणत. राणीछाप असो, एडवर्डचा असो की पाचव्या जॉर्जचा, १८३५ पासून पुढे एक शतकाहून अधिक काळ हेच वजन आणि हाच टंच राहिला. अशा एका रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. अधेलीचे वजन ५.८३ ग्रॅम, पावलीचे २.९२ ग्रॅम आणि चांदीच्या दोन आण्याचे १.४६ ग्रॅम. टंच सगळ्यांचा तोच.

दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा चित्र बदलले. १९४० पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात निम्मी चांदी, ४० टक्के तांबे आणि उरलेले निकेल व जस्त आहे. वजन तेच, पण शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. खोट्या नाण्यांना आळा बसावा म्हणून याच्या काठावर दात्यांच्या मधोमध एक खाच आणि तिच्यात नक्षी दिलेली असते. त्यामुळे सन पुसले असले तरी काठावरून तो ओळखू येतो. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया तर निकेलचा आहे, त्यात चांदी मुळीच नाही. त्याला लोहचुंबक लावून पाहा, लगेच चिकटेल. हा रुपया चांदीचा समजून घेणारे आणि देणारे, दोघेही आजही भेटतात.

मराठवाड्यातील वाचकांच्या घरी निजामाचा हाली सिक्का सापडतो. चारमिनारचे चित्र असलेल्या या रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम आणि टंच ८१.८ आहे, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते. ते "मीम" असेल तर नाणे मीर महबूब अली खान यांचे आणि "ऐन" असेल तर मीर उस्मान अली खान यांचे.

आता वर सांगितलेल्या ३६ रुपयांचा हिशेब करून पाहू. एकूण वजन सुमारे ४२० ग्रॅम. खऱ्या टंचाने शुद्ध चांदी ३८५ ग्रॅम होते. ८० टंच धरला तर ३३६ ग्रॅमच होते. नाणी थोडी झिजलेली होती असे धरले तरी जवळजवळ ४९ ग्रॅम शुद्ध चांदीचे पैसे केवळ न विचारल्यामुळे गेले. सराफ आटणीची घट आणि आपला नफा धरणार, तो त्याचा हक्क आहे. पण टंच कमी सांगून तो धरला जाऊ नये. म्हणून भाव विचारण्यापूर्वी हा गुणाकार घरीच करून जावे : रुपयांची संख्या गुणिले १०.६९ गुणिले शुद्ध चांदीचा त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव. हा आकडा म्हणजे नाण्याची तळाची किंमत. याच्या वर जे काही मिळते ते दुर्मिळता आणि अवस्था या दोन गोष्टींमुळे मिळते.

दुसरी गोष्ट : जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे

नवशिक्याचा सर्वांत मोठा गैरसमज असा की जितके नाणे जुने तितकी किंमत जास्त. बाजारात असे चालत नाही. १८४० आणि १८६२ सालचे राणीछाप रुपये पावणेदोनशे वर्षांच्या आसपासचे आहेत, तरी ते मुबलक मिळतात. कारण तेच सन वर्षानुवर्षे ठशावर कायम ठेवून नाणी पाडली गेली. १८६२ सनाचे रुपये तर १८७४ पर्यंत पडत राहिले. उलट १९३९ चा मुंबई टांकसाळीचा रुपया त्यांच्यापुढे अगदी अलीकडचा, पण तो या मालिकेतील सर्वांत दुर्मिळ नाण्यांपैकी एक आहे.

दुर्मिळता चार गोष्टींवर ठरते. पहिली, किती पाडली. दुसरी, त्यांपैकी किती उरली. तिसरी, आज ती मागणारे किती आहेत. चौथी, चांगल्या अवस्थेत किती उरली. या चारही बाजू पाहिल्याशिवाय "रेअर" हा शब्द तोंडातून काढू नये.

पहिल्या महायुद्धाच्या वेळचे उदाहरण घ्या. सैन्याचा पगार आणि मालाची खरेदी यांसाठी हिंदुस्थानात रुपयांची प्रचंड मागणी होती. चांदी पुरेना, तेव्हा १९१८ मध्ये अमेरिकेने खास कायदा करून आपले चांदीचे डॉलर मोठ्या संख्येने वितळवले आणि ती चांदी इकडे आली. त्यातून मुंबई आणि कलकत्ता येथे कोट्यवधी रुपये पडले. म्हणून १९१६ ते १९२० या सनांचे पाचव्या जॉर्जचे रुपये आजही पोत्याने निघतात. झिजलेल्या अवस्थेत त्यांना चांदीच्या भावापेक्षा फारसे काही मिळत नाही. पण युद्ध संपल्यावर मागणी ओसरली, आणि १९२१ व १९२२ चे रुपये त्या मानाने फारच थोडे पडले. राजा तोच, चित्र तेच, वजन तेच, फक्त शेवटचा एक आकडा वेगळा. त्या एका आकड्यासाठी संग्राहक जादा पैसे देतो.

टांकसाळीची खूणही पाहावी. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर सनाच्या बाजूला खाली कमळाचे फूल आहे. त्याच्याखाली बारीक उठावदार ठिपका असेल तर नाणे मुंबईचे. ठिपका नसेल तर कलकत्त्याचे. सहाव्या जॉर्जच्या शेवटच्या काही वर्षांत लाहोरच्या टांकसाळीची "एल" ही इंग्रजी खूण येते. एकाच सनाचे मुंबईचे नाणे साधे आणि कलकत्त्याचे दुर्मिळ, किंवा याच्या उलट, असे अनेकदा असते.

१९११ च्या रुपयाची हकीकत

१९११ चा रुपया आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे. पाचवा जॉर्ज गादीवर आल्यावर त्याचे पहिले रुपये त्या वर्षी पडले. राजाच्या झग्यावर एका शाही सन्मानाची माळ आहे आणि तिच्यात हत्ती कोरलेला आहे. ठसा करणाऱ्याने हत्तीची सोंड आखूड आणि पाय बुटके ठेवले. लोकांच्या हातात नाणे आले तेव्हा तो हत्ती नसून डुक्कर आहे अशी कुजबूज सुरू झाली. मुसलमानांच्या भावना दुखावल्या आणि तक्रारी झाल्या. सरकारने नाणे थांबवले. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी जेमतेम ७ लाख बाहेर पडले होते, बाकीचे पुन्हा वितळवण्यात आले. १९१२ पासून ठसा दुरुस्त झाला आणि हत्तीची सोंड स्पष्ट दिसू लागली.

या हकीकतीमुळे १९११ चे नाणे प्रसिद्ध झाले. पण इथेच नवशिक्याने सावध व्हावे. ७ लाख ही काही लहान संख्या नाही, आणि कुतूहलापोटी पुष्कळांनी ते जपूनही ठेवले. म्हणजे हे नाणे कमी मिळते, पण सापडतच नाही असे नाही. त्याला मागणी आहे ती हकीकतीमुळे आणि त्या घडणीचे ते एकाच वर्षाचे नाणे असल्यामुळे. विकणारा लाखाची गोष्ट करत असेल तर हसून पुढे जावे. आपल्याजवळ असेल तर मात्र वजनाने कधीही देऊ नये. हत्ती पूर्ण झिजून गेला असेल तर निम्मी मौज गेली. सोंड, पाय आणि माळेचे दुवे स्वच्छ दिसत असतील तर चार जणांकडे विचारूनच किंमत ठरवावी.

तिसरी गोष्ट : फारसी नाणे वाचणे

आपल्या बिरादरीतील अनेकांना उर्दू येते. मोगल आणि दख्खनी नाण्यांच्या बाजारात हे मोठे भांडवल आहे, कारण बहुतेक विकणाऱ्यांना नाण्यावरचा मजकूर वाचताच येत नाही. चार शब्द शोधायला शिकावे. "जर्ब" म्हणजे पाडले, त्याच्या जवळच टांकसाळीच्या गावाचे नाव असते. "जुलूस" म्हणजे गादीवर बसल्यापासूनचे वर्ष. "सन" किंवा नुसते आकडे म्हणजे हिजरी साल. चौथे म्हणजे बादशहाचे नाव. ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे चारही गोष्टी एकाच नाण्यावर पूर्ण येतीलच असे नाही. ज्याच्यावर चारही येतात त्याची किंमत वाढते.

हिजरी सालावरून इसवी सन काढण्याचा सोपा हिशेब असा : हिजरी सालाला ०.९७ ने गुणावे आणि ६२२ मिळवावेत. हिजरी ११०० असेल तर १०६७ अधिक ६२२, म्हणजे सुमारे १६८९. आता जुलूस वर्षाशी ताळा करावा. औरंगजेबाची जुलूस वर्षे हिजरी १०६८ च्या रमजानपासून मोजली जातात. म्हणून ११०० साली ३२ वे किंवा ३३ वे जुलूस वर्षच येऊ शकते. एखाद्या नाण्यावर ११०० बरोबर २० वे जुलूस वर्ष दिसले तर आपण आकडा चुकीचा वाचला आहे किंवा नाणे संशयास्पद आहे, असे समजून पुन्हा भिंग लावावे.

टांकसाळीच्या नावालाही महत्त्व आहे. सुरत किंवा शाहजहानाबादचा रुपया पुष्कळ मिळतो. लहान किंवा थोडाच काळ चाललेल्या टांकसाळीचा रुपया त्याच बादशहाचा आणि त्याच वजनाचा असूनही कितीतरी पट किंमत घेतो. औरंगाबादचे नाव नाण्यावर "खुजिस्ता बुनियाद" असेही येते, हे ठाऊक नसल्यामुळे हाती आलेले आपल्याच भागातील नाणे ओळखले जात नाही. शाह आलम दुसऱ्याच्या नावाचा, ४६ व्या जुलूस वर्षाचा सुरती रुपया पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात पुष्कळ सापडतो. तो कंपनीने तेच वर्ष कायम ठेवून बराच काळ पाडला. ते पाहून "बादशाही नाणे" म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

अकबर आणि शाहजहान यांच्या अनेक नाण्यांवर कलिमा आहे. औरंगजेबाने गादीवर आल्यावर नाण्यावर कलिमा घालणे बंद केले, कारण नाणे कोणाच्याही हाती आणि पायदळी जाते, त्यात पवित्र शब्दांची बेअदबी होते. म्हणून औरंगजेबाचे नाव आणि कलिमा एकाच रुपयावर दाखवून कोणी विकत असेल तर तिथेच थांबावे.

कोकणातील बंधूंसाठी एक खास सूचना. विजापूरच्या आदिलशाही अमलात चांदीच्या तारेची "लारी" चालत असे. बोटभर तार मधोमध दुमडलेली, टोके चपटी आणि त्यावर फारसी ठसा. वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. दिसायला ती केसांच्या आकड्यासारखी किंवा मोडक्या गळासारखी दिसते, म्हणून चांदीच्या मोडीत ती सहज जाते. कोकणच्या बंदरपट्ट्यात लाऱ्यांचे साठे सापडलेले आहेत. मोड घेणाऱ्या आपल्या सुवर्णकार आणि सराफ बंधूंनी मुशीत टाकण्यापूर्वी अशा तारेवर एक नजर टाकावी.

चौथी गोष्ट : अवस्था

एकाच सनाचे दोन रुपये, एक चांदीच्या भावाने जातो आणि दुसरा त्याच्या अनेक पट, असे का होते? अवस्थेमुळे. बाजारात या पायऱ्यांना इंग्रजी नावे रूढ आहेत, ती ठाऊक असावीत.

"गुड" हे नाव फसवे आहे. याचा अर्थ नाणे चांगले असा नसून, पुष्कळ झिजले पण सन व नाव वाचता येते असा आहे. "फाइन" म्हणजे झीज सर्वत्र आहे, पण मुख्य रेषा दिसतात. "व्हेरी फाइन" म्हणजे झीज उंच भागांवरच आहे आणि बारीक नक्षी बरीच शिल्लक आहे. "एक्स्ट्रीमली फाइन" म्हणजे अगदी उंच टोकांवर किंचित झीज, टांकसाळीची चमक कडेकडेने अजून आहे. "अनसर्क्युलेटेड" म्हणजे चलनात न फिरलेले, झीज मुळीच नाही. परदेशात विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० गुणांची पद्धत चालते, आणि आता आपल्याकडील लिलावांतही सीलबंद डबीतील, गुण दिलेली नाणी येतात.

झीज शोधायची ती सर्वांत उंच जागी. राणीच्या रुपयावर कपाळावरचे केस, गाल आणि वस्त्रावरची नक्षी पाहावी. एडवर्डच्या रुपयावर कानाभोवतीचे केस आणि भुवई. जॉर्जच्या रुपयावर मुकुटाची नक्षी, कान, मिशी आणि झग्यावरचा हत्ती. नाणे दिव्याखाली धरून हळूहळू फिरवावे. न फिरलेल्या नाण्यावर प्रकाशाची पट्टी गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. पॉलिश केलेल्या नाण्यावर ती फिरत नाही, सगळीकडे सारखा काचेसारखा चकचकाट दिसतो.

अवस्थेत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे दुखापत. आपल्या देशात रुपयांचे हार, बटणे आणि कंबरपट्टे करण्याची चाल होती. कोंढा काढून टाकला तरी काठावर डाखाची खूण राहते, कुठे दाते सपाट झालेले असतात, कुठे भोक बुजवलेले असते. भिंगाने काठ पूर्ण फिरवून पाहावा. असे नाणे अवस्थेने कितीही चांगले असले तरी त्याची किंमत पुष्कळ उतरते. मोगल रुपयांवर सराफांनी चांदी तपासण्यासाठी मारलेले टोचे असतात. ते त्या काळचेच असल्यामुळे संग्राहक थोडेफार चालवून घेतात, पण चेहरामोहरा बिघडला असेल तर नाही.

घासू नका

हे एकच वाक्य वाचून लेख बाजूला ठेवला तरी चालेल : जुने नाणे घासू नका. चिंच, लिंबू, रिठा, राख, दंतमंजन, तेजाब, पॉलिशची पेस्ट यांपैकी काहीही लावू नका. आपण कारागीर आहोत, काळवंडलेली चांदी उजळून देणे हा आपला हुनर आहे. भांडे आणि दागिना उजळल्याने त्याची किंमत वाढते, नाण्याची मात्र घटते. हवेतील गंधकामुळे चांदीवर काळसर, कधी निळसर-सोनेरी थर चढतो. तो थर म्हणजे नाणे कोणी छेडले नसल्याची साक्ष. घासल्याने थराबरोबर वरची चांदीही जाते आणि हजारो बारीक ओरखडे उरतात. ते पुन्हा कधीही भरून येत नाहीत.

माती किंवा तेल चिकटलेले असेल तर शुद्ध पाण्यात भिजत ठेवावे आणि मऊ सुती कापडावर दाबून टिपावे, चोळू नये. नाणे नेहमी काठाने धरावे. रबर, वर्तमानपत्र आणि मऊ प्लास्टिकची पाकिटे यांपासून दूर ठेवावे, कारण त्यांतील द्रव्ये चांदीवर डाग पाडतात. कोकणात पावसाळ्यातील दमटपणा फार, तेव्हा डब्यात ओल शोषणारी पुडी ठेवावी आणि ती वेळोवेळी बदलावी.

खोटे नाणे कसे ओळखावे

"नाणे खणखणीत आहे" असे आपण म्हणतो ते उगीच नाही. चांदीचा रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच वाजवला तर लांब, स्वच्छ नाद येतो. शिशाच्या मिश्रणाचा नाद बद्द येतो. दगडावर आपटून पाहू नये, काठ बिघडतो. पण केवळ नादावर विसंबू नये, तडा गेलेले खरे नाणेही बद्द वाजते.

याहून पक्की परीक्षा पाण्याची. बारीक काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे दोऱ्याने बांधून पाण्यात असे बुडवावे की ते तळाला किंवा कडेला टेकणार नाही. ९१.६६ टंचाच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवेल. ११.६६ ला १.१३ ने भागले की १०.३ येते, हे या चांदीचे विशिष्ट गुरुत्व. तेवढ्याच वजनाच्या जर्मन सिल्व्हरच्या नकली नाण्याला काटा १.३४ च्या आसपास जाईल. या परीक्षेला कानस नको, तेजाब नको, नाण्याला धक्काही लागत नाही.

साच्यात ओतलेल्या नाण्यावर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि काठावर जोडाची रेघ दिसते. दुर्मिळ सनाच्या बाबतीत नाणे खरे पण आकडा खोटा, असाही प्रकार असतो. १९३९ चा रुपया कोणी दाखवला तर शेवटचा ९ भिंगाखाली इतर आकड्यांशी ताडून पाहावा.

आणखी एक जात आहे, ती आपल्याच मोहल्ल्यात जास्त फिरते. मक्का-मदिनेचे चित्र, कलिमा, चार खलिफांची नावे किंवा ७८६ हा आकडा असलेले आणि "ईस्ट इंडिया कंपनी" असे लिहिलेले नाणे. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. देवदेवतांची चित्रे असलेली कंपनीची म्हणवली जाणारी नाणीही याच जातीची. ही केवळ बिल्ल्यांसारखी, श्रद्धेसाठी विकली गेलेली वस्तू आहे. अकबराच्या चौकोनी कलिमा रुपयाच्याही अशाच नकला मुबलक आहेत. घरात ठेवायला हरकत नाही, पण त्याच्यासाठी कर्ज काढू नये. "जुने नाणे पाठवा, लाखो रुपये घ्या, आधी फी भरा" असे सांगणाऱ्यांपासून तर चार हात दूर राहावे. रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन असे पैसे उकळले जात असल्याने बँकेने २०२१ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला होता. बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कोणाला तसा अधिकारही देत नाही.

कायदा आणि हिशेब

घराचा पाया खणताना किंवा शेतात नाण्यांचा हंडा सापडला तर तो आपला, असे समजू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लपवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते खासगी रीतीने देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. आखातात नोकरीला असलेल्या भावासाठी म्हणून बॅगेत चार राणीछाप रुपये टाकणे वरवर साधे वाटते, पण विमानतळावर महागात पडू शकते. अशा पुरावस्तूंच्या विक्रीचा धंदा करायचा असेल तर परवानाही लागतो.

प्रत्येक नाण्यासाठी वहीत एक ओळ ठेवावी : राजा, सन, टांकसाळ, वजन, अवस्था, कोणाकडून, कधी आणि कितीला घेतले. पावती जपावी. जमवलेली चांदी जकातीच्या हिशेबातही येते. निसाबाचे साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम, हे माप सर्वांना ठाऊक आहे. मिश्र धातूची आणि दुर्मिळतेची किंमत कशी धरावी हे आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून ठरवावे.

सुरुवात कशी करावी

पहिले सहा महिने खरेदी करू नका, फक्त पाहा. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. तेथे खरे नाणे डोळ्यात भरून घ्या. मग एकच शाखा धरा : पाचव्या जॉर्जचे सगळे सन, किंवा फक्त हाली सिक्के, किंवा आपल्या जिल्ह्यातील टांकसाळ. चार झिजलेल्या नाण्यांपेक्षा एक चांगले नाणे घ्या. विकताना एकाच दुकानात जाऊ नका, तीन ठिकाणी विचारा. आणि घेताना समोरच्याला त्याच्या नाण्याची किंमत ठाऊक नसेल तर त्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नका. काट्यावरची इमानदारी दोन्ही बाजूंनी असावी, बरकत त्यातच आहे.

त्या जरीकाम करणाऱ्या कारागिराचा मुलगा आता मोड घेणाऱ्या दुकानात मदतनीस आहे. वही अजून त्याच्याजवळ असते. गिऱ्हाईक रुपये घेऊन आले की तो आधी सन वाचून दाखवतो आणि मगच काट्यावर घालतो. त्याच्या शेठजींना सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटला. आता ते स्वतः त्याला भिंग आणून देतात. आपणही आज रात्री घरातली पेटी उघडून फडके सोडावे, काहीही न घासता प्रत्येक रुपयाचा सन कागदावर लिहून काढावा. बाकीचा धडा त्यानंतर आपोआप सुरू होईल.